तडा गेलेली गाडी : फायबरग्लासच्या स्पोर्ट्स कारचा आणि तिच्या दुरुस्तीचा इतिहास

ज्यांना कानात इअरफोन घालून ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा या एपिसोडचा लिखित अवतार. बोलताना जे "अं... म्हणजे..." येतं ते काढून टाकलंय, बाकी सगळं तसंच आहे.

सुरुवात करू एका खड्ड्यापासून. खड्डे म्हटल्यावर तुम्हाला आपले रस्ते आठवले असतील, पण हा खड्डा अमेरिकेतला आहे. केंटकी राज्यातलं बोलिंग ग्रीन नावाचं गाव. तिथं फक्त एकाच गाडीला वाहिलेलं एक संग्रहालय आहे, नॅशनल कॉर्व्हेट म्युझियम. १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे, इमारतीत कुणीही नसताना, तिथल्या एका दालनाची जमीन खचली. खाली चुनखडकातली गुहा होती, तिचं छत कोसळलं. सुमारे ३० फूट खोल खड्डा पडला आणि त्यात ८ कॉर्व्हेट गाड्या गेल्या. सीसीटीव्हीचा तो व्हिडिओ यूट्यूबवर आहे, तुमच्यापैकी काहींनी पाहिलाही असेल.

गाड्या बाहेर काढल्या आणि मग एक प्रश्न उभा राहिला. यातल्या कुठल्या दुरुस्त करायच्या, आणि कुठल्या तशाच ठेवायच्या?

मी दिवसभर कोड लिहितो. बग सापडला की तो दुरुस्त करायचा, एवढंच आमच्या धंद्यात शिकवतात. "दुरुस्त करायचं की नाही" हा प्रश्न आमच्याकडे सहसा इतिहासाचा नसतो, डेडलाइनचा असतो. म्हणून मला या खड्ड्याच्या गोष्टीनं धरून ठेवलं. पण त्या प्रश्नाचं उत्तर समजून घ्यायचं तर आधी या गाड्या कशाच्या बनलेल्या आहेत ते कळायला हवं. कारण त्यांची बॉडी पत्र्याची नाहीच. ती फायबरग्लासची आहे. तिला गंज चढत नाही, पोचा येत नाही. तिला तडा जातो.

काच, पण न फुटणारी

"फायबर" हा शब्द आपल्याला परका नाही. मंडळाची कायमस्वरूपी मूर्ती फायबरची असते, कोकणातल्या बंदरावर फायबरच्या होड्या दिसतात, सोसायटीच्या गेटवरची वॉचमनची केबिन फायबरची असते. पण फायबर म्हणजे नक्की काय, असं विचारलं तर बरेच जण "एक प्रकारचं प्लॅस्टिक" म्हणून मोकळे होतात. ते अर्धंच उत्तर आहे.

आपल्या जुन्या कुडाच्या भिंती आठवा. कारवीच्या काड्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि वरून शेणमातीचा गिलावा द्यायचा. नुसती माती ढासळते, नुसत्या काड्या वाकतात, पण दोन्ही मिळून भिंत उभी राहते. फायबरग्लासमध्ये काड्यांच्या जागी काचेचे बारीक तंतू असतात आणि मातीच्या जागी रेझिन, म्हणजे घट्ट होणारी राळ. ताण तंतू घेतात. रेझिन त्यांना जागेवर धरून ठेवतं आणि एका तंतूवरचा भार शेजारच्यांमध्ये वाटून देतं.

काचेचे तंतू काढता येतात हे जुनं ज्ञान आहे. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी या काच कारखानदारानं काचेचे तंतू आणि रेशीम एकत्र विणून केलेला झगा मांडला होता. बघायला गर्दी झाली, पण ती होती कुतूहलाची वस्तू. खरी वाट सापडली ती १९३२ मध्ये. ओवेन्स-इलिनॉय कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेचे ठोकळे एकमेकांना जोडायची खटपट करत होता. दाबाखालच्या हवेचा झोत वितळलेल्या काचेवर पडला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्याचे वरिष्ठ गेम्स स्लेटर यांनी त्यात काय दडलंय ते ओळखलं आणि त्याची उत्पादन पद्धत बसवली. १९३८ मध्ये याच धंद्यासाठी ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी निघाली.

दुसरीकडे त्याच दशकात कार्लटन एलिस या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञानं पॉलिस्टर रेझिनची पेटंटं घेतली. काच आणि राळ यांचं लग्न लावलं ते दुसऱ्या महायुद्धानं. विमानाच्या रडारवर असं झाकण हवं होतं जे मजबूतही असेल आणि रेडिओ लहरींना अडवणारही नाही. धातू तिथं बाद. फायबरग्लास मात्र फिट्ट बसलं. १९४२ मध्ये ओहायो राज्यात रे ग्रीन यांनी याच मिश्रणातून छोटी होडी बनवली. युद्ध संपलं तेव्हा हे तंत्र शिकलेले लोक आणि रेझिन बनवणारे कारखाने दोन्ही तयार होते. नवीन गिऱ्हाईक तेवढं हवं होतं.

होडीवाल्यांनी बनवलेली गाडी

हे गिऱ्हाईक सापडलं गाड्यांच्या दुनियेत, आणि कारण होतं पैसा.

पत्र्याची बॉडी बनवायची तर प्रचंड डाय लागतात. पत्रा दाबून आकार देणाऱ्या त्या पोलादी साच्यांचा खर्च लाखो गाड्या विकल्या तरच निघतो. फायबरग्लासला काय लागतं? एक साचा, तोही लाकडा-प्लॅस्टरच्या नमुन्यावरून काढलेला. आत मेण लावायचं, काचेच्या तंतूंची मॅट अंथरायची, ब्रशनं रेझिन मुरवायचं, वाळलं की काढून घ्यायचं. एखाद्या शेडमध्ये चार माणसं हे करू शकतात. सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर भांडवल नसलेल्यांना अचानक गॅरेजमधून स्टार्टअप काढता येऊ लागला.

दक्षिण कॅलिफोर्नियात बिल ट्रिट नावाचा माणूस फायबरग्लासच्या होड्या बनवायचा. केनेथ ब्रुक्स या हवाई दलातल्या मेजरला आपल्या बायकोसाठी जीपच्या सांगाड्यावर एक देखणी गाडी हवी होती. ट्रिटनं ती बॉडी बनवून दिली. १९५१ मध्ये ती गाडी तयार झाली आणि 'ब्रुक्स बॉक्सर' म्हणून ओळखली गेली. पुढे ट्रिटच्या ग्लासपार कंपनीनं अशा बॉड्या विकायला सुरुवात केली. रेझिन पुरवणाऱ्या नॉगटक केमिकल कंपनीनं अशीच एक गाडी मिरवून आपल्या मालाची जाहिरात केली. ती जनरल मोटर्सपर्यंत पोचली.

१७ जानेवारी १९५३. न्यूयॉर्कचं वॉल्डॉर्फ-अ‍ॅस्टोरिया हॉटेल. जनरल मोटर्सच्या मोटोरामा प्रदर्शनात पांढरी शुभ्र कॉर्व्हेट लोकांसमोर आली. ३० जून १९५३ ला मिशिगनमधल्या फ्लिंट इथं उत्पादन सुरू झालं. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल, आणि बऱ्याचशा हातानं जोडलेल्या. बॉडीचे भाग ओहायोतल्या अ‍ॅश्टाब्युला गावच्या मोल्डेड फायबर ग्लास कंपनीकडून यायचे. दारं आणि बॉनेट नीट बसत नसत, फटींतून पाणी आत यायचं. १९५५ मध्ये तर अवघ्या ७०० गाड्या बनल्या. गाडी बंद पडते की काय अशी वेळ होती. पण ती टिकली, आणि आजपर्यंत कॉर्व्हेटची बॉडी कधीही पोलादी पत्र्याची झालेली नाही.

अटलांटिकच्या पलीकडे इंग्लंडमध्ये कॉलिन चॅपमन हा लोटस कंपनीचा कर्ताधर्ता याहून धाडसी निघाला. कॉर्व्हेटमध्ये फायबरच्या कातड्याखाली पोलादी सांगाडा होता. चॅपमनचा सवाल होता, सांगाडा तरी कशाला हवा? १९५७ मध्ये लंडनच्या मोटार शोमध्ये त्यानं लोटस एलिट मांडली. तिची बॉडी हाच तिचा सांगाडा. पुढच्या बाजूला एक छोटी पोलादी चौकट, विंडस्क्रीनभोवती एक पोलादी कडं, बाकी इंजिनापासून सस्पेन्शनपर्यंतचा सगळा भार फायबरग्लासवर. गाडी अतिशय हलकी झाली आणि ले मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत तिनं आपल्या गटात सहा वेळा बाजी मारली.

पण जिथं डिफरन्शियल आणि सस्पेन्शन थेट फायबरला बोल्टनं अडकवलेलं होतं, तिथं तडे जायला लागले. काही गाड्यांत तर माउंटिंग उपटून यायची. लोटसनं धातूचे छोटे बॉबिन फायबरमध्येच ओतून बसवले होते, म्हणजे बोल्टचा भार जरा पसरेल, तरी दुखणं पुरतं गेलं नाही. एलिट सुमारे हजारच बनल्या आणि कंपनीला त्यात तोटा झाला. १९६२ मध्ये आलेल्या लोटस इलानमध्ये चॅपमननं धडा घेतला. मधोमध पोलादी कणा, वर फायबरची बॉडी. गंमत म्हणजे इलानच्या रचनेत मोठा वाटा असलेल्या रॉन हिकमन यांनीच पुढे वर्कमेट नावाचं घडीचं कामाचं टेबल शोधून काढलं. आज जगभर घरगुती दुरुस्ती करणारे लोक त्या टेबलावर लाकूड कापतात.

तडा का जातो? ग्रिफिथला विचारा

आता इथं थोडं विज्ञान. झोपू नका, दोनच मिनिटं.

१८९३ मध्ये, म्हणजे शिकागोत तो काचेचा झगा मांडला गेला त्याच वर्षी, इंग्लंडमध्ये अ‍ॅलन ग्रिफिथ यांचा जन्म झाला. पुढे फार्नबरोच्या विमान संशोधन संस्थेत काम करताना त्यांना एक कोडं पडलं. गणितानं बघितलं तर काच जितकी मजबूत असायला हवी, त्याच्या कितीतरी कमी ताकदीवर ती फुटते. असं का? १९२१ मध्ये छापलेल्या निबंधात त्यांनी उत्तर दिलं. काचेत डोळ्याला न दिसणाऱ्या बारीक चिरा आधीच असतात. ताण आला की तो सगळीकडे सारखा पसरत नाही, चिरेच्या टोकाशी गोळा होतो. टोक जितकं अणकुचीदार, तितका ताण जास्त. एका मर्यादेनंतर चीर स्वतःच स्वतःला पुढं ढकलते.

मग त्यांनी काचेचे तंतू ओढून तपासले. तंतू जितका बारीक, तितका मजबूत! सगळ्यात बारीक तंतू जाड काडीच्या सुमारे वीसपट ताण सहन करत होते, कारण बारीक तंतूत मोठी चीर मावायला जागाच नसते.

बघा, फायबरग्लास मजबूत का असतं आणि तरीही त्याला तडा का जातो, ही दोन्ही उत्तरं एकाच माणसाच्या एकाच निबंधात आहेत. तीही फायबरग्लासची पहिली गाडी बनायच्या पंचवीस वर्षं आधी.

पत्र्याला धक्का बसला की तो वाकतो आणि वाकलेलाच राहतो. म्हणून पोचा दिसतो. फायबर वाकून परत जागेवर येतं, आणि नाही जमलं तर फाटतं. शिवाय लोटससारख्या साच्यात हातानं घडवलेल्या बॉडीवर जेलकोट नावाचा वरचा चकचकीत थर असतो. त्यात तंतू नसतात, नुसतं रेझिन असतं. त्यामुळे तो कडक पण ठिसूळ. आतलं फायबर लवचीक आणि वरचा थर ठिसूळ, म्हटल्यावर पहिली चीर कुठं पडणार ते सांगायला नको.

या चिरा वाचता येतात. कोळ्याच्या जाळ्यासारख्या, एका बिंदूतून चहूकडे फाकलेल्या चिरा असतील, तर तिथं ठोका बसलाय, आणि बरेचदा आतून, म्हणजे चाकानं उडवलेल्या दगडाचा. बोल्टभोवती गोल चिरा असतील, तर बोल्ट जास्त आवळलाय किंवा तिथली जाडी कमी आहे. दाराच्या कोपऱ्यातून निघालेली लांब, एकटी चीर असेल, तर बॉडी तिथं पिळवटतेय. तडा म्हणजे गाडीनं स्वतः लिहिलेला लॉग आहे, फक्त तो वाचायची सवय हवी.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

इथं दुरुस्तीची सगळ्यात नेहमीची फसवणूक सुरू होते. तडा दिसला की त्यावर पुट्टी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, रंग द्यायचा. गाडी विकताना झकास दिसते. पुट्टीत सलग तंतू नसतात, त्यामुळे ती ताण घेऊ शकत नाही. खाली ग्रिफिथची चीर तशीच टोकदार बसलेली असते. काही महिन्यांत रंगावर तीच रेघ पुन्हा उमटते, आणि तोवर गाडी दुसऱ्याच्या नावावर झालेली असते. एलिटसारख्या गाडीत, जिथं बॉडी हाच सांगाडा आहे, तिथं ही नुसती दिसण्याची बाब नाही. सस्पेन्शन कशाला धरून आहे, याचा प्रश्न आहे.

मग खरी दुरुस्ती कशी होते? मोटार दुरुस्तीत आणि होड्यांच्या धंद्यात कित्येक दशकांत घट्ट झालेली पद्धत साधारण अशी आहे.

एक : कारण शोधा. सैल माउंट, चुकीचा वॉशर, तुटलेला ब्रॅकेट. हे बदललं नाही तर पुढचं सगळं काम फुकट.

दोन : तड्याची खरी लांबी बघा. रंग घासून काढा. पत्र्यासाठीचं रंग काढायचं जहाल केमिकल इथं वापरायचं नाही, ते रेझिनमध्येही शिरतं. मागून टॉर्च मारा. नाण्यानं टकटक करा. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटलेल्या जागी बद्द येतो. आपण मडकं घेताना वाजवून बघतो, तसंच.

तीन : टोक बोथट करा. तड्याच्या टोकाशी छोटं भोक पाडतात. ऐकायला उलटं वाटतं, पण अणकुचीदार टोकाच्या जागी गोल कड आली की ताण एका जागी गोळा होत नाही. चीर तिथं थांबते.

चार : उतार काढा. तड्याच्या दोन्ही बाजूंनी फायबर घासून लांब, उथळ उतार करतात. भार घेणाऱ्या भागासाठी रूढ प्रमाण १२ ला १ आहे. म्हणजे बॉडी ३ मिलिमीटर जाड असेल तर प्रत्येक बाजूला ३६ मिलिमीटरचा उतार. एवढा कशाला? कारण जुनं रेझिन आधीच घट्ट झालंय. नवीन रेझिन त्याच्याशी रासायनिकरीत्या एकजीव होत नाही, फक्त चिकटतं. चिकटायला जितकी जागा जास्त, तितका जोड भक्कम.

पाच : मागून ठिगळ, मग पुढून. आधी पॅनल दोन्ही बाजूंनी समपातळीत धरून ठेवायचं, मग मागच्या बाजूनं मॅटचे दोन-तीन थर. प्रत्येक थर वेगळ्या आकाराचा, म्हणजे ठिगळाची कड एकाच रेषेत येत नाही. आजीच्या गोधडीला ठिगळ कसं असतं, फाटलेल्या जागेपेक्षा चांगलं मोठं, तसं. रेझिन मुरवून छोट्या रोलरनं हवेचे बुडबुडे बाहेर काढायचे. राहिलेला बुडबुडा म्हणजे उद्याची चीर.

सहा : थांबा. नवीन रेझिन घट्ट होताना आकसतं. घाईनं रंग दिला तर महिन्याभरानं उन्हात मॅटची नक्षी रंगातून वर दिसते. गडद रंगाच्या गाडीवर तर जास्तच.

रेझिनही गाडीप्रमाणे बदलतं. जुन्या हातघडीच्या बॉडीला पॉलिस्टर रेझिन चालतं. पण १९७० च्या दशकात कॉर्व्हेटनं एसएमसी हा प्रकार घेतला. त्यात तंतू आणि रेझिन आधीच एकत्र मळलेले असतात आणि गरम डायमध्ये दाबून पॅनल काढतात. पॅनल डायला चिकटू नये म्हणून त्या मिश्रणातच निसरडेपणा आणणारा घटक असतो. त्यावर साधं पॉलिस्टर नीट चिकटत नाही, इपॉक्सी किंवा एसएमसीसाठीचाच अ‍ॅडहेसिव्ह लागतो. म्हणजे दुरुस्ती करणाऱ्याला गाडीचं वर्ष विचारावंच लागतं. इतिहास माहीत नसेल तर दुरुस्ती सुटून येते, अगदी शब्दशः.

फायबरवाल्या दादांसाठी दोन शब्द

आपल्याकडे फायबरच्या गाड्या झाल्याच नाहीत असं नाही. बंगळुरूच्या सिपानी कंपनीनं १९८० च्या दशकात इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून 'डॉल्फिन' आणली, बॉडी फायबरग्लासची. आणि १९९० च्या दशकाच्या शेवटी आपल्या शेजारी गोव्यात 'सॅन स्टॉर्म' बनू लागली. दोन सीटची, कापडी छपराची, फायबर बॉडीची छोटी स्पोर्ट्स कार, आत रेनोचं साधारण १२०० सीसीचं इंजिन. कारण तेच, १९५१ च्या कॅलिफोर्नियातलं. संख्या थोडी, डायला पैसे नाहीत, मग फायबर.

अशी गाडी आज कुणाकडे असेल तर नवीन पॅनल मिळणं मुश्कील. पण ती दुरुस्त करू शकेल असं कसब आपल्याकडे आहे. मूर्तीच्या कारखान्यात, होडीच्या शेडमध्ये, बसच्या बॉडी बिल्डिंगमध्ये काम करणाऱ्या माणसांकडे. हात तोच, मॅट तीच.

म्हणूनच एक गोष्ट नीट सांगतो, कारण हा एपिसोड ऐकून कुणीतरी घरी प्रयोग करणारच. रेझिन घट्ट करायला दोन गोष्टी लागतात, कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर आणि पेरॉक्साइडचा हार्डनर. या दोन बाटल्या एकमेकांत थेट कधीही ओतायच्या नाहीत. भडका उडू शकतो, स्फोटही होऊ शकतो. आधी अ‍ॅक्सिलरेटर रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचा, मग हार्डनर, साधारण १०० ग्रॅम रेझिनला १ ते २ ग्रॅम. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून चष्मा हवाच. रेझिनचा जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा, आणि घासताना उडते ती काचेची धूळ. तोंडाला रुमाल बांधून या दोन्ही गोष्टी थांबत नाहीत. वाफेसाठी कार्ट्रिजचा मास्क लागतो, धुळीसाठी फिल्टर लागतो. आपल्याकडे कित्येक शेडमध्ये पोरं उघड्या तोंडानं दिवसभर ग्राइंडर चालवतात. स्वस्तात झालेल्या कामाची किंमत कुणीतरी फुप्फुसानं भरत असतं. तुम्ही काम देणारे असाल तर मास्कचे पैसे बिलात मागून घ्या म्हणावं. फार नसतात.

पुन्हा खड्ड्यापाशी

तर त्या ८ गाड्या. आधी सगळ्याच दुरुस्त करायच्या अशी भाषा होती. पण बाहेर काढल्यावर काहींची अवस्था अशी होती की दुरुस्ती म्हणजे जवळजवळ सगळं नवीन लावणं. मग जुनी राहिली कुठली? शेवटी ३ दुरुस्त करायच्या ठरल्या. २००९ ची निळी झेडआर१, जी मानानं बरी होती. १९६२ ची काळी कॉर्व्हेट, जी २०१८ मध्ये, घटनेला चार वर्षं झाली त्याच सुमारास, पुन्हा उभी राहिली. आणि तिसरी, १९९२ मध्ये बनलेली दहा लाखावी कॉर्व्हेट.

ही तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. तिची दुरुस्ती जनरल मोटर्सच्या लोकांनीच केली. गाडी उघडली तेव्हा आतल्या भागांवर सह्या दिसल्या. १९९२ मध्ये ती बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांनी आपापल्या भागावर नाव लिहून ठेवलं होतं. बाहेरून कधीच न दिसणाऱ्या जागी. आता सोपा मार्ग काय होता? तुटलेला भाग फेकायचा, नवीन लावायचा. त्यांनी ठरवलं की सही असलेला भाग शक्यतो बदलायचा नाही, दुरुस्त करायचा. बाहेरचे काही पॅनल दुसऱ्या जुन्या गाडीवरून घ्यावे लागले. पण सह्या जपल्या, आणि जिथं भाग वाचलाच नाही तिथं सहीची नक्कल काढून नव्या भागावर उतरवली. २०१५ मध्ये गाडी परत संग्रहालयात आली.

आणि उरलेल्या ५? त्या आजही तशाच आहेत. चेपलेल्या, फाटलेल्या, तुटक्या फायबरमधून काचेचे तंतू बाहेर आलेल्या. लोक मुद्दाम त्या बघायला जातात.

मला वाटतं हे दोन्ही निर्णय बरोबर होते, आणि दोन्हींच्या मागे एकच हिशोब आहे. दुरुस्तीनंतर खरं काय उरतं? दहा लाखाव्या गाडीत माणसांच्या सह्या उरत होत्या, म्हणून ती दुरुस्त केली. बाकीच्या पाचांत दुरुस्तीनंतर फक्त नंबर प्लेट उरली असती, म्हणून तडे ठेवले. पुट्टी मारून चकचकीत केलेली गाडी या दोन्हींत बसत नाही. ती दुरुस्तही नसते आणि खरीही नसते.

पुढच्या वेळी जुनी गाडी घ्यायला जाल, फायबरची असो वा पत्र्याची, तेव्हा वरच्या रंगावर जाऊ नका. खिशात नाणं ठेवा, वाजवून बघा, आणि मागच्या बाजूनं टॉर्च मारा. मागून दिसणारं व्यवस्थित ठिगळ ही वाईट खूण नाही. कुणीतरी तिथं वेळ घालवलाय, कारण शोधलंय आणि लपवलेलं नाही, एवढा त्याचा अर्थ.

आजच्यापुरतं एवढंच. तुमच्या गावात, ओळखीत कुणाकडे डॉल्फिन किंवा सॅन स्टॉर्म अजून उभी असेल तर व्हॉइस नोट पाठवा, तिची गोष्ट ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर ऐकत राहा, आणि हो, मास्क लावूनच घासा!